विसरलेला पासवर्ड

(संगणकावर अर्ज भरताना आपण पासवर्ड ठेवतो आणि पुष्कळदा तो विसरून जातो. बारामतीच्या एका विद्यार्थिनीवर असाच प्रसंग आला. तिला स्वतःचा पासवर्ड परत कसा मिळाला आणि त्यातून ती काय शिकली, हे तिने या पाठात सांगितले आहे.)

१३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला. मी चांगल्या गुणांनी पास झाले. अम्मीने शेजारीपाजारी पेढे वाटले. अब्बा म्हणाले, "बेटी, तुला सायन्सला जायचे आहे ना? जरूर जा. पण कॉलेज बारामतीतलेच असावे. रोज घरून जाता येईल. वसतिगृहाचा खर्च आपल्याला झेपणार नाही."

पूर्वी आमच्या भागात अकरावीचा प्रवेश म्हणजे कॉलेजात जायचे, फॉर्म आणायचा, भरायचा आणि खिडकीवर द्यायचा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांतच संगणकावरून प्रवेश होत असत. २०२५ सालापासून साऱ्या महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. त्यामुळे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मुलांनाही संगणकासमोर बसावे लागले.

आमच्या घरी संगणक नाही. इंदापूरला माझ्या मामूंकडे आहे. मामूंची मुलगी, माझी आपा, एका संगणक वर्गात शिकवते. मे महिन्याच्या शेवटी मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले. आपाने घरच्या संगणकावर माझ्यासाठी एक वेगळे खाते उघडले. ती म्हणाली, "हे तुझे खाते. याला तुझ्या मनाने एक पिन दे. तो कुणालाही सांगू नकोस. मलासुद्धा नाही."

मी पिन दिला. मग अर्जाचा पहिला भाग भरला. नाव, पत्ता, गुण, अब्बांचा मोबाइल नंबर, सारे लिहिले. पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा आपा स्वयंपाकघरात होती. मी घाईघाईने काहीतरी लिहिले. लगेच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असे तिने विचारले. मी 'सेव्ह' वर बोट दाबले आणि पुढे गेले. दुसऱ्या भागात कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची होती. ती अब्बांना विचारून लिहू, असे ठरवून मी बारामतीला परत आले.

आणि इथेच घोटाळा झाला.

एका संध्याकाळी अब्बा नीरा डाव्या कालव्याच्या पुलावरून सायकलने येत होते. खिशातला मोबाइल निसटला आणि थेट कालव्यात पडला. पाणी जोरात वाहत होते. मोबाइल गेला तो गेलाच. दोन दिवसांनी, संध्याकाळी पाच वाजता, त्यांना त्याच नंबरचे नवे सिम मिळाले. ते अम्मीच्या फोनमध्ये घातले आणि अब्बा मला घेऊन बाजारातल्या नेट कॅफेत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या फेरीची मुदत संपत होती.

माझ्या वहीत लॉगिन आयडी लिहिलेला होता. पासवर्ड मात्र लिहिलेला नव्हता. मी आठवेल तसा पासवर्ड टाकला. 'चुकीचा पासवर्ड', असे उत्तर आले. दुसरा टाकला. पुन्हा तेच. माझ्या हातांना घाम फुटला.

मग 'पासवर्ड विसरलात का?' या शब्दांवर टिचकी मारली. ओटीपी अब्बांच्या नंबरवर पाठवला आहे, असे पडद्यावर दिसले. आम्ही वाट पाहत बसलो. पाच मिनिटे झाली, दहा मिनिटे झाली. ओटीपी आलाच नाही. अब्बा सिमच्या दुकानात जाऊन विचारून आले. दुकानदार म्हणाला, "नवे सिम घेतले की चोवीस तास एसएमएस बंद असतात. उद्या संध्याकाळी पाचनंतर सुरू होतील."

उद्या संध्याकाळी पाच! तोपर्यंत मुदत संपून गेली असती. पुढच्या फेऱ्या होत्या, पण तोवर बारामतीतल्या कॉलेजांतल्या किती जागा उरल्या असत्या? माझ्या डोळ्यांत पाणी आले.

नेट कॅफेतला एक मुलगा जवळ आला. तो म्हणाला, "घाबरू नकोस. मी एक मोफत प्रोग्राम उतरवून घेतो. तो कुणाचाही पासवर्ड शोधून देतो." अब्बा विचारात पडले. मी म्हटले, "आधी आपाला विचारते."

फोनवर सारे ऐकून घेतल्यावर आपा म्हणाली, "त्या प्रोग्रामला हात लावू नका. तुझा पासवर्ड त्या दुकानातल्या संगणकावर कधी ठेवलाच नव्हता. मग तो तिथे सापडेल कसा? असले मोफत प्रोग्राम पुष्कळदा आपलीच माहिती चोरून नेतात. आता मला एक सांग. आमच्याकडे अर्ज भरताना 'सेव्ह' केले होतेस का?"

"हो, केले होते."

"मग काम झाले. तुझा पासवर्ड इथे, या संगणकात आहे."

अम्मी म्हणाली, "बेटा, मग तूच बघून फोनवर सांग ना. पिन ही तुला सांगेल."

आपा हसली. "फुफी, पिन भर दुकानात मोठ्याने सांगायचा? आणि दुसरा भाग भरायलाही हिला संगणक लागणारच. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने पाठवून द्या. बारामतीहून इंदापूर काही फार लांब नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पहाटे अब्बा आणि मी बारामतीच्या एस.टी. स्टँडवर उभे होतो. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना उसाचे हिरवेगार मळे होते. भवानीनगरचा साखर कारखाना दिसला. गळिताचा हंगाम संपला होता, त्यामुळे धुराडे शांत होते. लासुर्णे गेले, निमगाव केतकी गेले. दर थांब्याला माझी नजर अब्बांच्या घड्याळाकडे जात होती. अखेर इंदापूर आले.

मामूंच्या घरी आपा वाट पाहत होती. मी सलाम केला आणि सरळ संगणकासमोर बसले. आपा शेजारी बसली, पण तिने माऊसला हात लावला नाही. ती म्हणाली, "सारे तू करायचे. मी फक्त सांगेन. आधी तुझ्या खात्यात शिर."

मी माझा पिन टाकला. तो मला पाठ होता. मग आपाने एकेक पायरी सांगितली.

"आपण क्रोम वापरले होते. ते उघड. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन ठिपके आहेत ना, त्यांवर टिचकी मार. यादीत 'पासवर्ड्स अँड ऑटोफिल' असे लिहिले आहे. त्यात 'गुगल पासवर्ड मॅनेजर' उघड. तू जिथे जिथे पासवर्ड सेव्ह केलेस, त्या साऱ्या ठिकाणांची नावे इथे दिसतील."

यादीत एकच नाव होते. अकरावी प्रवेशाचे! मी त्यावर टिचकी मारली. संगणकाने लगेच पिन विचारला.

"पुन्हा पिन कशाला? आताच तर दिला," मी म्हटले.

"बरोबर आहे ते," आपा म्हणाली. "समज, तू संगणक उघडा ठेवून पाणी प्यायला गेलीस. तेवढ्यात कुणी येऊन बसले तर? म्हणून पासवर्ड दाखवण्याआधी संगणक पुन्हा विचारतो, 'मालक तूच ना?'"

मी पिन टाकला. पासवर्डच्या जागी काळे ठिपके होते. बाजूला डोळ्याचे एक चित्र होते. त्यावर टिचकी मारताच ठिपके गेले आणि अक्षरे दिसली. माझा पासवर्ड! काल मी तो जवळजवळ बरोबर टाकला होता. फक्त पहिले अक्षर मोठ्या लिपीतले होते, ते मी लहान टाकत होते. एवढ्याशा चुकीने मला इंदापूरपर्यंत आणले होते.

पुढचे काम सोपे झाले. अब्बा आणि मी मिळून कॉलेजांचा क्रम ठरवला. आपाने प्रत्येक ओळ तपासायला लावली. अर्ज पूर्ण झाला तेव्हा मुदत संपायला अजून अवकाश होता. अब्बांनी सुस्कारा सोडला. मुमानींनी चहा आणला.

चहा घेताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत होता. मी विचारले, "आपा, माझा पासवर्ड मी त्या प्रवेशाच्या संस्थळालाच दिला होता. मग त्यांनी मला तो सरळ का सांगितला नाही? ते नवा पासवर्ड करायला सांगत होते. आणि या संगणकाने मात्र जुनाच दाखवला. असे कसे?"

आपाला प्रश्न आवडला. ती म्हणाली, "येताना उसाचे मळे पाहिलेस ना? ऊस चरकात घातला की रस निघतो. त्या रसापासून पुन्हा ऊस करता येईल का?"

"नाही."

"चांगली संस्थळे तेच करतात. तू दिलेला पासवर्ड ती जशाच्या तसा ठेवत नाहीत. तो गणिताच्या एका चरकातून काढतात आणि जे बाहेर येईल तेवढेच ठेवतात. त्याला हॅश म्हणतात. पुढच्या वेळी तू पासवर्ड टाकलास की तो पुन्हा त्याच चरकातून जातो. बाहेर आलेले उत्तर जुन्या उत्तराशी जुळले की दार उघडते. म्हणजे तुझा पासवर्ड त्यांच्याजवळ नसतोच. मग ते तो सांगणार कसे? ते फक्त जुना पुसून नवा ठेवू देतात. एखाद्या संस्थळाने तुझा जुना पासवर्ड जसाच्या तसा लिहून पाठवला, तर समजावे की त्यांनी तो नीट जपलेला नाही."

"आणि आपला संगणक?"

"संगणकाचे काम वेगळे आहे. पासवर्डची जागा दिसली की त्याला तो तुझ्यासाठी स्वतः भरायचा असतो. त्यासाठी खरा पासवर्डच लागतो, चरकातला रस चालत नाही. म्हणून संगणक तो पेटीत ठेवतो आणि पेटीला कुलूप लावतो. दादीच्या लोखंडी पेटीसारखे. पेटीतली वस्तू जशीच्या तशी राहते, पण चावी ज्याच्याकडे त्यालाच ती मिळते. या पेटीची चावी म्हणजे तुझे खाते आणि तुझा पिन. दुसऱ्याने बाहेरून तुझ्या खात्याचा पासवर्ड जबरदस्तीने बदलला, तर पुष्कळदा ही पेटी उघडतच नाही."

मामू वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "म्हणजे कुलूप चांगले, पण चावी उंबरठ्यावर ठेवली तर उपयोग नाही!"

"अगदी बरोबर, अब्बू," आपा म्हणाली. "ज्या संगणकाला पिन नाही, त्याची पेटी उघडीच म्हणायची. जो येईल त्याला सारे दिसेल. आणि एक गोष्ट. नेट कॅफेत, शाळेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर 'सेव्ह करू का?' असे विचारले तर 'नाही' म्हणावे. आपली वस्तू दुसऱ्याच्या पेटीत ठेवू नये."

मी विचारले, "दुसऱ्या संगणकावर क्रोम नसेल तर?"

"फायरफॉक्स असेल तर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात. तिथे 'पासवर्ड्स' सापडेल. घरच्या वाय-फायचा पासवर्ड विसरला, तर तो नव्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, ओळखीच्या नेटवर्कच्या यादीत पाहता येतो. आणि क्रोममध्ये आपल्या गुगल खात्याने प्रवेश करून पासवर्ड साठवले असतील, तर त्याच खात्याने दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावरही ते मिळतात. तू तसे केले नव्हतेस. म्हणून तुझा पासवर्ड फक्त इथे होता."

मला एकदम नेट कॅफेतला मुलगा आठवला. मी म्हटले, "आपा, हे शिकून कुणी दुसऱ्यांचे पासवर्डही पाहील की!"

आपाचा चेहरा गंभीर झाला. "पाहील. म्हणूनच मी आधी तुला तुझ्या खात्यात जायला सांगितले. आपली पेटी आपण उघडली तर ती आठवण. दुसऱ्याची उघडली तर ती चोरी. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्यात पुढे ६६-क हे कलम आले. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मैत्रिणीचा पासवर्ड गंमत म्हणून वापरणेही चांगले नाही."

अब्बा म्हणाले, "आणि ते चोवीस तास एसएमएस बंद? त्याने तर आमचा जीव काढला."

"चाचा, तो नियम तुमच्या भल्यासाठीच आहे," आपा म्हणाली. अब्बांना ती लहानपणापासून चाचाच म्हणते. "समजा, एखाद्या लबाडाने तुमच्या नावाने तुमचे सिम काढले. त्याला लगेच ओटीपी मिळाले, तर तो बँकेतले पैसे काढून घेईल. चोवीस तासांत तुमचा फोन बंद पडल्याचे तुमच्या लक्षात येईल आणि तुम्ही तक्रार कराल. काल तो नियम तुम्हाला अडचणीचा वाटला, पण एखाद्या दिवशी तोच तुमची कमाई वाचवील."

अब्बांनी मान हलवली.

मी हळूच म्हटले, "पण मी इतकी विसराळू कशी? एक पासवर्ड लक्षात राहिला नाही!"

"त्यात लाज कसली?" आपा म्हणाली. "संगणकावर पासवर्ड ज्यांनी आणला, त्यांची गोष्ट ऐक. अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी संस्था आहे. तिथे १९६१ च्या सुमारास एकच संगणक अनेक लोक वापरत. ज्याचे काम त्यालाच दिसावे, म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. तेव्हा हे पासवर्ड चरकातून काढत नसत. सारे एका यादीत जसेच्या तसे ठेवलेले असत. पुढे एकदा गडबडीत ही यादी आणि रोजची सूचना यांची अदलाबदल झाली. लोक संगणकावर आले, तेव्हा रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड छापले जाऊ लागले!"

सगळे हसले.

"अशा अनुभवांतूनच माणसे शिकली. पुढे १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी एक लेख लिहिला. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता चरकातून काढून का आणि कसा ठेवावा, हे त्यांनी त्यात सांगितले. आणि ज्यांनी पासवर्ड आणला त्या कॉर्बाटोंनाही म्हातारपणी आपले पासवर्ड कागदावर टिपून ठेवावे लागत. मग तू विसरलीस तर काय मोठे झाले?"

मला जरा बरे वाटले. पण आपाचे अजून संपले नव्हते. ती म्हणाली, "आता तुझ्या पासवर्डबद्दल बोलू. मी तो पाहिला नाही. पण खरे सांग, शेवटी ७८६ लिहिले आहेस ना?"

मी खाली पाहिले. "तुला कसे कळले?"

"आपल्याकडे निम्मी मुले हेच लिहितात! अबजदच्या हिशेबाने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ होते, म्हणून तो आकडा आपल्याला प्रिय आहे. पण जे सर्वांना प्रिय, ते सर्वांना ठाऊक. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि ७८६, हे चोर आधी करून पाहतो."

"मग चांगला पासवर्ड कसा करायचा?"

"तुमच्या बारामतीचेच उदाहरण घे. कवी मोरोपंत बारामतीत राहिले. १७९४ साली तिथेच वारले. त्यांनी शंभराहून अधिक रामायणे लिहिली, असे मानतात. एका रामायणात त्यांनी प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरेच येऊ दिली नाहीत. अबजदमध्येही तसेच. शायर एका ओळीत सन लपवून ठेवतो. ज्याला रीत ठाऊक त्यालाच तो सापडतो. आपला पासवर्डही असाच असावा. आपल्याला सोपा, दुसऱ्याला अवघड. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावे. उदाहरणार्थ, कालवा, चष्मा, ढोल, जिरे. ते इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहावे. लांब पासवर्ड ओळखायला कठीण असतो. पण हेच चार शब्द घेऊ नकोस. ते आता आपण सगळ्यांनी ऐकले आहेत!"

"आणि तोही विसरले तर?"

"म्हणून तो वहीत लिही आणि वही कपाटात ठेव. घरातली वही लांबच्या चोराला दिसत नाही. फक्त ती दप्तरात घेऊन हिंडू नकोस. आणि पासवर्ड ठेवल्यावर एक दिवस तरी तो सेव्हच्या मदतीशिवाय स्वतः टाकून पाहा. हाताला सवय झाली की मनालाही राहते."

मी तिथेच बसून नवा पासवर्ड ठेवला. तो टाकून दोनदा आत जाऊन पाहिले. वहीत लिहिला. मग आपाने मला त्या यादीतला जुना पासवर्ड पुसायला लावला. ती म्हणाली, "हे खाते तुझे असले, तरी संगणक आमच्या घरचा आहे. काम झाले, आता आपली वस्तू घेऊन जा."

दुपारी आम्ही परत निघालो. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही घरी चहा पीत होतो, तेव्हा अम्मीचा फोन वाजला. अब्बांच्या नव्या सिमवर पहिला एसएमएस आला होता. सगळे धावले. अब्बांनी चष्मा लावून वाचला. तो रिचार्जच्या सवलतीचा होता!

आम्ही पोट धरून हसलो. त्याच वेळी माझ्या मनात आले, केवळ या एसएमएसची वाट पाहत बसलो असतो तर आज ही वेळ हसण्याची नसती. पासवर्ड हरवला नव्हता. मी ठेवला होता तिथेच तो होता. तो कुठे ठेवला हे आठवावे लागले आणि त्याची चावी माझ्याजवळ असावी लागली.

माझा पिन मी आजही कुणाला सांगितलेला नाही. आपालासुद्धा नाही. आणि ती कधी विचारतही नाही.

शब्दार्थ

टिचकी मारणे – माऊसचे बटण दाबणे, क्लिक करणे
मुदत – ठरवून दिलेला शेवटचा वेळ
संस्थळ – वेबसाइट
गळिताचा हंगाम – कारखान्यात ऊस गाळण्याचे दिवस
धुराडे – धूर बाहेर जाण्याची उंच नळी, चिमणी
चरक – उसाचा रस काढण्याचे यंत्र
अवकाश – शिल्लक वेळ
लबाडी – फसवणूक, दगाबाजी
विसराळू – लवकर विसरणारा
अबजद – अरबी अक्षरांना आकडे देण्याची पद्धत

वाक्प्रचार

घाम फुटणे – खूप भीती वाटणे
सुस्कारा सोडणे – काळजी दूर झाल्यावर लांब श्वास टाकणे
जीव काढणे – फार त्रास देणे
पोट धरून हसणे – खूप हसणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांना मुलीचे कॉलेज बारामतीतच का हवे होते?
(आ) अब्बांचा मोबाइल कोठे पडला?
(इ) लेखिकेने पासवर्ड टाकताना कोणती चूक केली?
(ई) पासवर्ड दाखवण्याआधी संगणकाने पुन्हा काय विचारले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नेट कॅफेतल्या मुलाचा प्रोग्राम वापरू नका, असे आपाने का सांगितले?
(आ) नवे सिम घेतल्यावर चोवीस तास एसएमएस बंद का ठेवतात?
(इ) एमआयटीमध्ये पासवर्डच्या यादीबाबत कोणती गडबड झाली?
(ई) ७८६ हा आकडा पासवर्डमध्ये का घालू नये?

३. कारणे लिहा.
(अ) प्रवेशाचे संस्थळ जुना पासवर्ड सांगू शकत नाही, कारण...
(आ) घरचा संगणक जुना पासवर्ड दाखवू शकतो, कारण...
(इ) आपाने माऊसला हात लावला नाही, कारण...

४. "आपली पेटी आपण उघडली तर ती आठवण. दुसऱ्याची उघडली तर ती चोरी." या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
घाम फुटणे, सुस्कारा सोडणे, जीव काढणे

६. खालील वाक्ये भूतकाळात लिहा.
(अ) मी संगणकासमोर बसते.
(आ) आपा एकेक पायरी सांगते.
(इ) गाडी इंदापूरला पोहोचते.

७. उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना पासवर्ड जपण्याचे पाच नियम सोप्या भाषेत समजावून सांगा. ते नियम मराठीत आणि उर्दूत लिहून वर्गात लावा. नियम लिहिताना कोणाचाही खरा पासवर्ड उदाहरण म्हणून लिहू नका.